दाढ काढावी की राखावी?

दाढदुखी दिवसा सोसवते, रात्री नाही. आडवे पडले की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो. आत सुजलेल्या नसेला कठीण दातात फुगायला जागा नसते आणि ठणका सुरू होतो. मग नांदेड असो वा लातूर, घरोघरी क्रम ठरलेला. आधी लवंग, नंतर मेडिकलवरची गोळी आणि पहाटे निर्धार, ‘आता काढूनच टाकतो!’ माझा आक्षेप या निर्धाराला आहे.

दुखणे थांबणे वेगळे आणि दात बरा होणे वेगळे. लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरपणा येतो, वेदनाशामक गोळीने रात्र निभावते. कीड तिथेच राहते. उलट, ठणका आपोआप थांबला तर बहुधा नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरू लागतो. अँटिबायोटिकचेही तसेच. दातावरचे उपचार लगेच होण्यासारखे असतील, तर बहुतेक दुखण्यांत त्या गोळ्यांची गरज नसते, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली स्पष्ट सांगितले. मात्र गालावर वा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळवेना, अशी लक्षणे दिसली तर तडक रुग्णालय गाठावे.

आता उपायांची तुलना करू. गार पाण्याची कळ क्षणात ओसरत असेल, तर कीड कोरून सिमेंट भरल्याने भागते. कळ रेंगाळत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर रूट कॅनाल. त्यात नस काढून मुळे स्वच्छ करून भरतात. दाढेवर पुढे कॅप बसवावीच लागते, नाहीतर ती चिरते. दाढ पार पोखरली असेल किंवा हिरडी सोडून हलत असेल, तर काढणेच शहाणपणाचे. दाढ काढल्याने दृष्टी जाते, ही मात्र निव्वळ भीती.

काढणे स्वस्त आणि एका खेपेचे. रूट कॅनाल महाग, कित्येकदा दोन-तीन खेपांचे. किनवट किंवा उदगीरहून येणाऱ्या मजुराला प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज मोजावा लागतो. त्याने दाढ काढली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, चावण्याची बाजू जाते. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाणे खाणाऱ्या आपल्या मुलखात हे नुकसान थोडे नाही. पुढे ब्रिज किंवा इम्प्लांट करायचे म्हटले, तर वाचवलेल्याहून जास्त पैसे जातात.

नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. आधी तिथे चौकशी करावी. खुर्चीत बसल्यावर एकच प्रश्न विचारावा, ‘डॉक्टर, ही दाढ वाचते का, आणि कॅप धरून एकूण किती खेपा, किती खर्च?’ उत्तर ऐकून घरच्यांशी बोलावे, मगच ठरवावे. ठणक्याच्या भरात मात्र ठरवू नये.