गंगाराम तांबटाची शाई

आज महाशिवरात्र. हे पान आपल्या हाती पडेपर्यंत न्हाव्याच्या आणि मोऱ्याच्या धक्क्यांवरून भाविकांच्या होड्या घारापुरीच्या वाटेला लागल्या असतील. बेलाची पाने, दुधाचा तांब्या आणि कडेवरची मुले असा सारा संसार बरोबर घेऊन उरण-पनवेलकडची माणसे या दिवशी त्या बेटावर उतरतात. नव्या मुंबईच्या वसाहतींना जेमतेम अर्धशतक झाले. समोरच्या पाण्यातील हा शिव मात्र तेथे सुमारे चौदा शतके वस्ती करून आहे. लेण्यात शिरताच अनेकांचा हात जुळण्याआधी खिशातील मोबाईलकडे जातो. त्यावर नाके मुरडणारी मंडळी आम्हांस ठाऊक आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. देवाचे रूप कागदावर उतरवून घ्यावे ही आस जुनीच आहे. ती शाईच्या रेघेने पुरविणाऱ्या एका मराठी माणसाचे स्मरण आजच्या दिवशी व्हावे, एवढाच आमचा हेतू.

त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट, आडनाव नवगिरे. ज्यांच्या हातोड्याखाली अभिषेकाचा तांब्या घडतो, त्या कारागिरांचे नाव त्याने मिरविले. काळ सवाई माधवरावांचा. पुण्याच्या दरबारी १७८६ पासून चार्ल्स वॉर मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता आणि गंगाराम त्याच्यासाठी चित्रे काढी. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा त्याने १७९० साली रेखाटला. म्हणजे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरण्यापूर्वीच याचा हात तयार होता. 'साहेबाने शिकविलेला नेटिव्ह' एवढीच त्याची ओळख सांगणे अन्यायाचे ठरेल. पुढे शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रशाळा निघाली. आणि मॅलेटच्या सांगण्यावरून गंगाराम वेरूळला गेला.

वेरूळचा कैलास ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या कामाची कल्पना येईल. अखंड डोंगर शिखराकडून पायाकडे कोरीत आणलेले ते देऊळ एका जागी उभे राहून सगळे दिसतच नाही. दारातून पाहावे तर शिखर लपते, डोंगरावर चढून पाहावे तर तळाचे हत्ती दृष्टिआड होतात. अशा देवळाचे चित्र काढणाऱ्याने खांब मोजावे लागतात, अंतरे पावलांनी आखावी लागतात, पुन्हा पुन्हा भोवती फिरावे लागते. मॅलेटला हवी होती मोजमापे आणि माहिती, भक्ती नव्हे, हे आम्ही जाणतो. पण कागद हाती घेऊन शिवाभोवती जो इतक्या फेऱ्या घालतो, त्याच्या पदरी प्रदक्षिणेचे पुण्य नाही असे कोण म्हणेल? भाविकांनी कैलासाला रंगमहाल म्हटले, एका लेण्याला सीतेची न्हाणी म्हटले, दुसऱ्याला विश्वकर्म्याचे लेणे, सुताराची झोपडी म्हटले. मूर्ती तेथे बुद्धाची आहे. पण कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला विश्वकर्मा मानून हात जोडले. विश्वकर्म्याला मूळ पुरुष मानणाऱ्या कारागिरांतलाच एक तांबट त्या डोंगरापाशी लेखणी घेऊन बसला, हा योग आम्हांस मोठा सुंदर वाटतो.

१७९५ हे साल मात्र विलक्षण घाताचे. शेजारच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई त्या वर्षी गेल्या, सवाई माधवराव गेले, आणि लेणी रेखाटीत हिंडणारा वेल्सही साष्टीत वारला. मॅलेट १७९७ साली पुणे सोडून पुढे विलायतेस परतला आणि १७९९ साली त्याने वेल्सची कन्या सुझाना हिच्याशी विवाह केला. १८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस दृश्यांचा देखणा ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकावर नावे दोनच : आरेखनकार वेल्स आणि उत्कीर्णक थॉमस डॅनियल. गंगारामाची आरेखने कालांतराने पॉल मेलन या अमेरिकन संग्राहकाच्या संग्रहात गेली आणि त्यांच्या देणगीतून अमेरिकेतील न्यू हेवन येथे १७७७ नव्हे, तब्बल दोनशे वर्षांनी, १९७७ साली उघडलेल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात विसावली. ब्रिटिश कला केंद्रात! पुण्याच्या तांबटाला हे ऐकून हसू आले असते.

ती परत आणा, अशी आरोळी आम्ही ठोकणार नाही. चित्रे चोरीची नव्हेत. मॅलेटने ती काढवून घेतली होती. शिवाय ज्या वाड्यात चित्रशाळा भरे तो शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. हे कागद तेथे असते तर आज त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारणच उरले नसते. गंगारामाचे नाव टिकले तेही त्या परक्या दप्तरामुळेच, हे मान्य करण्यात कमीपणा कसला? आमच्याकडे देवघरातील तसबिरीखाली चौकट करणाऱ्या दुकानाचे नाव असते, काढणाऱ्याचे नसते.

आमची तक्रार वेगळी आहे. २०११ साली येल विद्यापीठाने आपल्या संग्रहातील जुन्या कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. म्हणजे गेली अनेक वर्षे या आरेखनांच्या प्रती छापून घेण्यास ना परदेशगमन हवे, ना मोठा खर्च. वेरूळला येणाऱ्या यात्रेकरूला कैलासात शिरण्यापूर्वी सव्वादोनशे वर्षांमागचा कैलास भिंतीवर दिसावा, पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत एक प्रत लागावी, आणि वेल्सने रेखाटलेल्या घारापुरीची एक आमच्या उरणकडच्या धक्क्यावर, होडीची वाट पाहणाऱ्यांना दिसेल अशी. वेरूळच्या प्रतीखाली मराठीत ठळक अक्षरांत लिहावे : गंगाराम चिंतामण तांबट, पुणे.