पदक खरे होते, मग?

पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर पुस्तकांच्या गठ्ठ्यात हिटलरचे आत्मचरित्र आजही हमखास दिसते. त्याच्यावरून बोलणे निघाले की कोणीतरी ठेवणीतला मुद्दा काढतो : काहीही म्हणा, पण गडी खंदकात लढला होता, आयर्न क्रॉस काही फुकट मिळत नाही. मग दुसरा तावातावाने सांगू लागतो की तो भेकड होता, पदकही वशिल्याचे होते. दोघांची चूक एकच. पदक खरे निघाले तर माणूस मोठा ठरतो, हे दोघांनीही वाद सुरू होण्याआधीच मान्य केलेले असते.

पदक खरेच होते. ऑस्ट्रियात जन्मलेला हा तरुण ऑगस्ट १९१४ मध्ये आपणहून बव्हेरियाच्या सैन्यात भरती झाला. सोळाव्या राखीव पायदळ रेजिमेंटबरोबर तो ऑक्टोबरच्या अखेरीस बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत उतरला. पहिल्या काही दिवसांतच रेजिमेंटचे कंबरडे मोडले, तिचे प्रमुख कर्नल लिस्टही मारले गेले. लवकरच त्याला निरोप्याचे काम मिळाले. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटत, तेव्हा हुकमाचा कागद घेऊन माणसालाच धावावे लागे. २ डिसेंबर १९१४ रोजी त्याला द्वितीय श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो जखमी झाला आणि ४ ऑगस्ट १९१८ रोजी प्रथम श्रेणीचा क्रॉस त्याच्या छातीवर लागला. द्वितीय श्रेणीची पदके त्या युद्धात लाखांनी वाटली गेली. प्रथम श्रेणी मात्र साध्या शिपायाच्या नशिबी क्वचितच येई.

मग ती याच्याच वाट्याला कशी आली? थॉमस वेबर या इतिहासकाराने रेजिमेंटची कागदपत्रे चाळून याचा माग काढला आहे. रेजिमेंटच्या मुख्यालयाचे निरोपे पुढच्या खंदकांपासून बरेच मागे राहत आणि रोज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असत. जोखीम त्यांनाही होती, यात शंका नाही. पण चिखलातल्या शिपायाचे धाडस ज्याने पाहिले, तोच अनेकदा संध्याकाळपर्यंत जिवंत नसे. शिफारस लिहायची तर साक्षीदार लागतो आणि टेबलही लागते. ही गोष्ट जगातल्या कुठल्याही सैन्याला लागू पडावी.

या पदकामागे ज्याचा हात होता, तो लेफ्टनंट ह्युगो गुटमान न्यूरेंबर्गचा ज्यू. त्याने स्वतः प्रथम श्रेणीचा क्रॉस १९१५ मध्येच मिळवलेला. शिफारशीच्या कागदावर सही दुसऱ्या अधिकाऱ्याची असली, तरी ती पुढे रेटली गुटमानने. नाझींच्या शाळेत मुलांना वेगळेच शिकवले जाई : फ्युररने म्हणे एकट्याने फ्रेंच सैनिकांची अख्खी टोळी पकडून आणली. त्या कथेत गुटमानला जागा असणे शक्यच नव्हते. १९३७ मध्ये गेस्टापोने त्याला अटक केली. सुटका झाल्यावर तो १९३९ मध्ये बेल्जियमला आणि तिथून अमेरिकेला गेला, आणि हेन्री ग्रँट या नावाने जगला.

असे गुटमान पुष्कळ होते. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते. त्यातले बारा हजारांच्या आसपास मारले गेले. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या आग्रहाने आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली. दोन वर्षांत तीही गेली. त्याच एप्रिलच्या १ तारखेला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. कोलोनमध्ये गाद्या-उशांचे दुकान चालवणारा रिचर्ड श्टेर्न कोटावर आयर्न क्रॉस लावून दुकानाच्या दारात उभा राहिला. शेजारी पहाऱ्याला गणवेशातला नाझी. त्या क्षणाचे छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. श्टेर्न १९३९ मध्ये अमेरिकेला गेला, चाळिशी उलटल्यावर तिथल्या सैन्यात भरती झाला आणि इटलीच्या आघाडीवर जर्मनांविरुद्ध लढून त्याने सिल्व्हर स्टार मिळवला.

त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले. तुकडीतले बाकीचे सगळे पडले होते. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायला उसंत नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हा क्रॉस ब्रिटिश साम्राज्याचा होता. घाडग्यांना मुजरा करायला इथे कोणाचा हात अडत नाही, पण म्हणून इंग्रजांचे राज्य न्यायाचे होते, असे माणगावात कोणी म्हणणार नाही. शिपायाचे धाडस शिपायाचे आणि राज्यकर्त्याचे पाप राज्यकर्त्याचे, हा हिशेब आपल्याला पक्का येतो. हिटलरच्या बाबतीत गुंता एवढाच की शिपाई आणि राज्यकर्ता एकच माणूस आहे. तरी खाती दोनच. निरोप्या म्हणून त्याने धोका पत्करला, हे पहिल्या खात्यात खुशाल लिहावे. दुसऱ्या खात्यातले साठ लाख ज्यूंचे मरण त्याने एका पैशानेही कमी होत नाही.

जर्मनांनी स्वतः हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. २००८ मध्ये आयर्न क्रॉस पुन्हा सुरू करावा अशी मागणी झाली. पदक मूळचे १८१३ चे, नेपोलियनविरुद्धच्या लढ्यातले. त्यात हिटलरचे काय, असा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. सरकारने तरीही नवे शौर्यपदक काढले, आणि ते योग्यच केले. ६ जुलै २००९ रोजी चान्सलर मर्केल यांनी ते पहिल्यांदा चार सैनिकांना दिले. आदल्या वर्षी अफगाणिस्तानात कुंदूझजवळ आत्मघाती स्फोट झाला, तेव्हा हे चौघे जखमींना बाहेर काढायला पेटत्या गाडीकडे धावले होते, आणि गाडीतला दारूगोळा तेव्हा फुटत होता.