‘लॉग’मालेचे कालस्थान

दूरचित्रवाणी मालिकेवरून लिहिलेली कादंबरी ही उसनी निर्मिती. तेव्हा तिच्या काळाचा निवाडा मूळ मालिकेने, किंबहुना तिच्या स्वामित्वधारकाने करावयाचा, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ॲलन डीन फॉस्टर यांच्या ‘स्टार ट्रेक लॉग’ या दहा पुस्तकांच्या मालेपुढे (१९७४–७८) हे गृहीतक टिकत नाही.

ज्या ॲनिमेशन मालिकेवर ही माला आधारलेली आहे, तिचे २२ भाग अमेरिकेत सप्टेंबर १९७३ ते ऑक्टोबर १९७४ या काळात प्रक्षेपित झाले. कप्तान कर्कच्या यानाची मोहीम पाच वर्षांची होती. मूळ ‘स्टार ट्रेक’ मात्र १९६९ मध्ये तीन वर्षांतच थांबली. उरलेल्या काळात हे भाग बसविणे सोयीचेच. पण त्यांतला कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा? प्रक्षेपणाचा क्रम एक सांगतो, पात्रांच्या तोंडचे ‘तारादिनांक’ दुसरेच सांगतात. फॉस्टर यांनी तिसरा क्रम रचला. पहिल्या सहा पुस्तकांत प्रत्येकी तीन भाग, नंतरच्या चारांत प्रत्येकी एकच, आणि बाकीची पाने स्वतःच्या कथेची. सर्वांत शेवटी प्रक्षेपित झालेला भाग सातव्या पुस्तकातच येऊन जातो. डिसेंबर १९७३ मधला ‘द स्लेव्हर वेपन’ मात्र थेट दहाव्यात.

कालगणनेची खरी परीक्षा पाहतो तो हाच भाग. लॅरी निव्हन यांनी तो आपल्याच ‘द सॉफ्ट वेपन’ या कथेवरून लिहिला, आणि ती कथा त्यांच्या एका निराळ्या कल्पित विश्वातली. तिकडचे क्झिन्ती इकडे आले, ते आपली युद्धे बरोबर घेऊनच. मानवांशी त्यांची चार युद्धे झाली, शेवटचे दोनशे वर्षांपूर्वी, असे या भागात सांगितले जाते. पुढे १९९६ च्या ‘फर्स्ट काँटॅक्ट’ या चित्रपटाने मानवाचे प्रकाशाहून वेगवान असे पहिले उड्डाण २०६३ सालचे ठरविले. या भागांचा काळ २२७० च्या आसपासचा धरला, तर चारही युद्धे सहा-सात वर्षांत उरकावी लागतात!

अधिकृत निवाड्याने हा पेच सुटत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण ॲनिमेशन मालिकाच अधिकृत वृत्तांतातून वगळली गेली, आणि कालांतराने ती परतही घेतली गेली. कर्कचे ‘टायबेरियस’ हे मधले नाव पडद्यावर प्रथम उच्चारले गेले ते याच बहिष्कृत मालिकेत. १९९१ च्या चित्रपटाने ते निमूटपणे स्वीकारले. या साऱ्या उलाढालीत फॉस्टर यांच्या पुस्तकांतील घटनाक्रम होता तसाच राहिला.

पाठचिकित्सेत प्रक्षिप्त ठरलेले श्लोकदेखील फेकून दिले जात नाहीत. ते तळटीपेत वा परिशिष्टात आपल्या जागेच्या निर्देशासह जपले जातात. एवढा न्याय या कादंबऱ्यांना मिळावयास हरकत नाही. एका प्रसंगाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला जोडताना फॉस्टर यांनी मूळ भागांचे एक वाचनच मांडले आहे. शेवटच्या चार पुस्तकांत त्यांनी घातलेली कथा तर कोणत्याच प्रक्षेपण-तारखेखाली बसत नाही. तिला जागा आहे ती त्यांच्याच क्रमात. म्हणून कालपट मांडणाऱ्याने मालिकेतील भागाची आणि पुस्तकाची अशा दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. ‘द स्लेव्हर वेपन’पुरती तर तिसरीही लागेल, निव्हन यांच्या मूळ कथेची.