मारणारा हात घरचाच



साने गुरुजी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे. त्यांच्या श्यामची आई त्याला पोहायला धाडण्यासाठी शिंपटीने मारते. त्या मारामागची माया आपण जाणतो, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते. पण त्या एका आईच्या आडोशाला किती घरं आपला मार लपवतात!

वाडीवस्त्यांवर काम करताना या माराची ठरावीक रूपं मला दिसतात. लहान मुलांना बहुधा आई मारते, कारण दिवसभर त्यांच्यापाशी तीच असते. नवरा मुंबईला, घरात सासूसासरे, गुरं, पाणी. सगळा राग शेवटी धपाट्यातून बाहेर पडतो. मूल वयात आलं की हात बदलतो. मुलग्याला बाप पट्ट्याने मारतो, मार्कांसाठी नाहीतर उलट बोलला म्हणून. मुलीला मार बसतो तो मोबाइलवर कुणाशी बोलली म्हणून, आणि त्यात भाऊही सामील होतो. आईला मार पडताना मध्ये पडणारं पोर तर दोन्हीकडून भरडलं जातं.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अहवाल महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तयार झाला. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईवडिलांनीच मारलं होतं. भीती आपण परक्याची घालतो. हात मात्र घरचाच.

शाळेतल्या छडीला २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. घरातल्या पट्ट्याला अशी सरळ बंदी नाही. बालन्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७५ खाली मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण ‘शिस्तीसाठी मारलं’ म्हटलं की प्रकरण तिथेच थंडावतं.

‘आमच्या घरातला मामला आहे’ हे नवऱ्याचं वाक्य आपण कधी मानलं नाही. त्या लढ्यातूनच १९८३ साली ४९८अ आलं. मग तेच वाक्य आईच्या तोंडून आलं म्हणून खरं कसं ठरेल? अडचण इथेच आहे. मारणारी आपलीच बाई असते, अनेकदा स्वतः मार खाल्लेली. तिला पिंजऱ्यात उभं करून फारसं साधणार नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं. पण तिच्या दुःखाची किंमत पोराच्या पाठीने मोजावी, हेही आपल्याला मान्य होता कामा नये.

म्हणून बैठकीत बाई आपली कहाणी सांगेल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारू या: पोरांवर कोण हात उगारतं? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या आईच्या अर्जात मुलांसाठीही संरक्षण मागता येतं, ते मागू या. १०९८ हा फुकटचा फोन आहे, जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे. आणि शेजारच्या घरातून पोराचं रडणं ऐकू आलं, तर बाईचं ऐकून वाजवतो तसंच तेही दार वाजवू या.