सत्कार कोणाचा?

आमच्या सीमाभागात सत्कारांस तोटा नाही. बेळगाव असो, निपाणी असो, खानापूर असो. मंडप उभा राहतो, समई पेटते, शाल-श्रीफळांची तबके सजतात आणि वक्त्यांमागून वक्ते उठून सत्कारमूर्तीचे गुण गातात. शेवटी पंगत बसते. या प्रथेस आमचा विरोध नाही. थोरांचे ऋण समाजाने उघडपणे मान्य करावे, हे उचितच होय. परंतु समाज कोणाच्या खांद्यावर शाल घालतो आणि कोणास व्यासपीठावर बोलू देतो, यातच त्या समाजाची खरी परीक्षा असते.

अमेरिकेतील मुस्लिम नागरी हक्क संस्था दरवर्षी मेजवानी भरवून आपल्या कार्यकर्त्यांचा गौरव करतात. महाराष्ट्रातही, त्या थाटाने नसले तरी, हमीद दलवाई यांच्या स्मरणार्थ भाषणे होतात, कार्यकर्त्यांचे सत्कार होतात. आमच्या देवस्थानांच्या वर्तुळातील एखादा सज्जन यावर विचारील, ‘त्यांचे ते पाहून घेतील, आपणांस त्याचे काय?’ या प्रश्नाचाच आज समाचार घेणे आहे.

प्रथम कायद्याचे बोलू. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी माणूस आपल्याच घरी अल्पसंख्य झाला. तेव्हापासून तो मराठी शाळेसाठी, मराठी कागदपत्रांसाठी झगडतो आहे. हा झगडा तो कोणत्या आधारावर करतो? राज्यघटनेच्या तिसाव्या कलमात धर्माने अल्पसंख्य आणि भाषेने अल्पसंख्य यांना एकाच वाक्यात, एकाच मापाने हक्क दिला आहे. आपली शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालविण्याचा जो अधिकार बेळगावच्या मराठी माणसास आहे, तोच त्याच्या मुसलमान शेजाऱ्यास आहे. शेजाऱ्याच्या नागरी हक्कांची थट्टा करणारा सीमावासी आपण बसलेली फांदीच तोडीत असतो, एवढेही आम्हांस कळू नये काय?

आता दलवाईंचे पाहू. या गृहस्थांचा जन्म १९३२ साली चिपळुणाजवळच्या मिरजोळीचा. ते कोंकणातील मुसलमान. त्यांनी लेखन मराठीत केले, ‘इंधन’सारखी कादंबरी लिहिली, आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारी केली. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर त्यांनी मोर्चा नेला. त्यात स्त्रिया किती होत्या? अवघ्या सात! तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांच्या जाचातून मुस्लिम स्त्रीस सोडवा, सर्व नागरिकांस एक कायदा लावा, ही मागणी. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले आणि १९७७ साली, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. १९८५ साली निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापुरातून तलाक मुक्ती मोर्चा नागपुरास निघाला, तो याच परंपरेतला. त्याच वर्षी शाहबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटितेस पोटगी मान्य केली. दुसऱ्याच वर्षी संसदेने कायदा करून तो निर्णय निष्प्रभ केला. अखेर २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक न्यायालयाने अवैध ठरविला. सात स्त्रियांच्या पहिल्या पावलापासून या निकालापर्यंत एक्कावन्न वर्षे लोटली. दलवाईंचे सहकारी सय्यदभाई यांस पद्मश्री जाहीर झाली ती २०२० साली.

सरकारापाशी हक्क मागणे एका अर्थी सोपे असते. मागे सारा समाज उभा असतो. तोच हक्क आपल्या घरातील दुबळ्यास द्या, असे स्वजनांस सांगणे कठीण. तेथे माणूस एकटा पडतो. म्हणून मुस्लिम नागरी हक्कांच्या व्यासपीठावर पहिला मान अशा माणसाचा, असे आम्ही म्हणतो. जी संस्था केवळ समाजाची स्तुती करणाऱ्यांस बोलावते आणि तलाकपीडितेस दाराबाहेर ठेवते, तिने ‘नागरी हक्क’ हे शब्द आपल्या फलकावरून पुसावेत.

येथवर वाचून आमचे काही वाचक मान डोलावतील. त्यांनी किंचित थांबावे. दलवाईंचे नाव आमच्या मंडळींच्या भाषणांत वारंवार येते, पण ते कशासाठी? मुसलमानांस झोडपण्याची काठी म्हणून! दलवाई मुस्लिम जातीयवादाचे जितके कठोर टीकाकार होते, तितकेच हिंदू जातीयवादाचेही होते, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. दुसऱ्याच्या घरातील सुधारकास टाळ्या आणि आपल्या घरातील सुधारकास शिव्या, हा न्याय कोठला?

आमच्या घरातील सुधारक कसा वागविला गेला ते आठवा. हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी डॉ. आंबेडकरांनी रक्त आटविले आणि ती रखडलेली पाहून १९५१ साली मंत्रिपद सोडले. हिंदूंस द्विभार्याप्रतिबंध देशभर लागू झाला तो १९५५ साली. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका जन्मसिद्ध वाटा मिळाला तो २००५ साली. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य गणलेल्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. विरोध कोणाचा होता? परधर्मीयांचा नव्हे, देवाच्या सेवेकऱ्यांचाच.

इतके दूर तरी कशास जावे? सौंदत्तीची यल्लमा याच बेळगाव जिल्ह्यात आहे. देवीच्या नावाने गरिबांच्या मुली सोडल्या गेल्या आणि त्यांच्या पदरी काय आले, हे निपाणी-गडहिंग्लजच्या माणसास सांगावयास नको. मुंबई सरकारने १९३४ साली याविरुद्ध कायदा केला. कर्नाटक सरकारास १९८२ साली तो पुन्हा करावा लागला. एकाच पापासाठी कायदा दोनदा करावा लागतो, यातच आमची लाज आली. त्या मुलींस सोडविण्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांच्या खांद्यावर आमच्या देवस्थानांनी शाल घातली?

कोणी म्हणेल, देवस्थान हे भक्तीचे स्थान, तेथे असले वाद कशास? वाद नकोत तर सत्कारही नकोत. सत्कार करता तेव्हा निवड करताच. आणि देणगीदार व पुढारी यांचीच निवड करीत राहिलात, तर तुमची भक्ती कोणाची हे लोकांस दिसतेच.

तेव्हा विश्वस्त मंडळींस आमची रोखठोक सूचना अशी: यंदाच्या उत्सवात एक शाल त्या कार्यकर्तीस द्या, जी देवदासींच्या वस्तीत आयुष्यभर राबली; आणि दुसरी त्या मुसलमान भगिनीस, जी तलाकाविरुद्ध आपल्या जमातीपुढे उभी राहिली. दोघींना भाषणास पुरेसा वेळ द्या. त्या आपणांस न रुचणारे काही बोलल्या तर ध्वनिक्षेपक बंद करू नका. नंतर त्यांना महाप्रसादाच्या पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवा. हे करण्याची तयारी नसेल, तर दलवाईंचे नाव घेऊन दुसऱ्यांस उपदेश करणे तरी आजपासून बंद करा.