मागच्या रांगेतला आवाज

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एकट्याने गाण्याचा मान एक-दोघांनाच मिळतो. ज्यांचा गळा बेताचा, पण गाण्याची हौस दांडगी, त्यांनी नुसत्या टाळ्याच वाजवायच्या का?

चेन्नईत संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी ‘मद्रास यूथ क्वायर’ हे तरुणांचे वृंदगान पथक उभारून याचे उत्तर दिले. ‘चितचोर’मुळे आपल्या घरोघरी पोहोचलेल्या येसुदासांचे पहिले चित्रपटगीत १९६१ साली श्रीनिवासन यांच्याकडेच ध्वनिमुद्रित झाले होते. असा गळ्यांचा पारखी, पण ओढ समूहाची! चित्रपटांतल्या वादकांची संघटना उभारण्यातही तेच पुढे होते.

आपल्या समूहगीतात बहुधा सगळे एकच चाल गातात. इथे मात्र एक गट मुख्य चाल धरतो आणि त्याच वेळी दुसरे गट वेगळ्या स्वरांवरून जातात. सुब्रह्मण्य भारतींच्या तमिळ कविताही या पद्धतीने गायल्या गेल्या.

शेजाऱ्याचा आवाज ऐकायचा, पण आपला स्वर सोडायचा नाही, ही इथली खरी परीक्षा. एकाने उगाच आवाज चढवला तर सगळ्यांचे गाणे बिघडते. एखादा अडखळला तर सावरून घ्यायला बाकीचे असतात. बुजऱ्या मुलांना सभाधीटपणा येतो तो असा, सोबतीने.

१९८८ साली श्रीनिवासन गेले. पथक मात्र गात राहिले. पहिल्या नंबरासाठी मुलांच्या मागे लागणाऱ्या आईवडिलांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. बक्षीस एखाद्यालाच मिळते. सुरात सूर मिळवण्याची सवय मात्र मागच्या रांगेतल्यालाही जन्मभर पुरते.