बाराव्या वर्षी चॅम्पियन, विसाव्या वर्षी मैदानाबाहेर

मागच्या आठवड्यात नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात क्रेट उचलणाऱ्या एका पोराने हाक मारली, "काका, ओळखलं का?" मला काही आठवेना. मग त्यानेच सांगितलं. बारा वर्षांचा असताना कुस्तीत त्याने जिल्ह्यात नंबर काढला होता आणि ती बातमी मीच लावली होती. 'भावी महाराष्ट्र केसरी' असा मथळा, फोटो, गावात फ्लेक्स. सगळं झालं होतं.

"आता कुस्ती?" मी विचारलं. तो हसला. "गुडघा गेला काका. आणि खरं सांगू का, चौदाव्या वर्षीच कंटाळा आलेला. वजन बसवायला दोन-दोन दिवस उपाशी ठेवायचे."

पोरगं कष्ट करून खातंय, त्याचा मला अभिमानच आहे. पण बाराव्या वर्षी ज्याला आपण डोक्यावर घेतलं, तो विसाव्या वर्षी खेळात का नाही, हे आपण कधी विचारतच नाही. कारण तोवर नवीन फ्लेक्स लागलेला असतो.

जुन्नर-आंबेगावच्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजवायला नको. आपल्याकडचा कुठलाही जाणता गाडामालक खोंड घरी आणलं की लगेच घाटात पळवतो का? आधी चालवतो, शेतात फिरवतो, गर्दीची, आवाजाची सवय लावतो. अंगात भरल्यावरच बारी. खोंडाला जेवढा वेळ देतो, तेवढा पोटच्या पोराला का देत नाही?

मुलींची उंची साधारण १२ व्या आणि मुलांची १४ व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. तेव्हा हाडांची टोकं कच्ची असतात. रोज एकाच सांध्यावर ताण पडला की गुडघा, टाच, कंबर धरते. शिवाय सगळी पोरं एकदम वाढत नाहीत. ज्याला लवकर मिसरूड फुटलं, तो १४ वर्षांखालच्या गटात सगळ्यांना लोळवतो आणि आपण त्याला गुणी ठरवतो. उशिरा वाढणारा बाकावर बसून कंटाळून घरी जातो. पुढे दोघं अंगापिंडाने सारखे होतात, पण तोवर दुसऱ्याने खेळ सोडलेला असतो.

स्वप्नील कुसाळेचं बघा. कोल्हापूरचा पोरगा, २००९ साली सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. आधी वर्षभर अंगमेहनत, त्यानंतर नेमबाजी निवडली. ऑलिम्पिकचं कांस्यपदक मिळालं २०२४ ला, पॅरिसमध्ये. मधे पंधरा वर्षं गेली. बीडचा अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला आणि खरं पळायला लागला तिथे, २०१५ च्या सुमारास. २०२३ ला आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं. १४ वर्षांखालचा कप बघून निवड केली असती, तर हा माणूस आपल्याला सापडलाच नसता.

बाहेरचं सांगायचं तर नॉर्वे. लोकसंख्या साधारण ५५ लाख. तिथे मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत स्पर्धेत क्रमवारी लावत नाहीत, निकालाच्या याद्या काढत नाहीत. तोच देश २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णांसह पहिला आला.

काही जण म्हणतील, लवकर सुरुवात केल्याशिवाय कसं होणार? सुरुवात लवकरच करा. पण खेळायला, एकाच खेळाला जुंपायला नाही. जिम्नॅस्टिक्ससारखे थोडे खेळ सोडले तर बाकी ठिकाणी पळणं, पोहणं, झाडावर चढणं, खो-खो, कबड्डी हाच पाया आहे. डिंभ्याच्या वरच्या आदिवासी पाड्यांवरची पोरं हे रोज करतात. त्यांना मैदान आणि पोटभर खाणं द्या, मग बघा.

घोडं अडतं सर्टिफिकेटपाशी. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. गरीब घराला याचा मोठा आधार आहे, तो राहिलाच पाहिजे. पण खेळ म्हणजे फक्त कागद झाला, की शाळेला शिल्ड हवी, क्लासवाल्याला जाहिरात हवी आणि आम्हा पत्रकारांना बातमी. पोराचं काय व्हायचं ते होवो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पालकांनो, बारा वर्षांपर्यंत एकच खेळ लादू नका. वाढत्या पोराला वजनासाठी उपाशी ठेवणाऱ्याकडे पाठवू नका. आणि कोचला "किती कप आणले?" एवढंच विचारू नका. "तीन वर्षांपूर्वीच्या पोरांपैकी आज किती जण खेळतात?" हे विचारा.

शाळांनो, पीटीचा तास गणिताला देऊ नका. संघातल्या बाराच्या बारा जणांना मैदानात उतरवा.

यात्रा कमिट्यांनो, लहान गटाच्या बक्षिसातले थोडे पैसे मॅट आणि मैदानावर घाला.

चौथी गोष्ट माझ्यासाठी. १४ वर्षांखालच्या कुठल्याही पोराच्या नावापुढे मी आता 'भावी' हा शब्द लावणार नाही. त्या पोराला मी तसं सांगून आलोय. तो म्हणाला, "बरं होईल काका. धाकटा भाऊ आता तालमीत जायला लागलाय."